पार्टअप्पांचा बुधवार

बीडला हायवेच्या कडेला गाड्यांचं जे मोठं काचेचं शोरूम आहे, त्याच्या दारात चप्पल काढून आत जाणारा माणूस मी जन्मात एकच बघितला. आमच्या पाटोद्याचे बसलिंगअप्पा. पहिल्या खेपेला वॉचमन म्हणाला, बाबा, इथं चपला काढायची गरज नाही. अप्पा म्हणाले, "दुकान हाय न्हवं? मग लक्ष्मी हाय. तुमी तुडवा तुमच्या लक्ष्मीला, आमी न्हाई." आणि वर त्यालाच चपलांवर ध्यान ठेवायला सांगून आत गेले. त्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक मोडका पार्ट आणि भाकरी. नवी गाडी न्यायला आलेली माणसं बायकापोरांना घेऊन बाजूला सरायची. त्यांना वाटायचं, गाडीची पूजा सांगायला जंगम आलाय.

गावात त्यांना बसलिंगअप्पा कुणी म्हणत नाही. पार्टअप्पा म्हणतात. कुणाच्या गाडीचा पार्ट मोडला आणि तो कंपनीकडूनच मागवायचा असला, की माणूस आधी अप्पांच्या ओट्यावर येतो, मग मिस्त्रीकडं जातो. तुम्हाला वाटेल, अप्पांना गाडीतलं लई कळत असेल. काही कळत नाही. त्यांची गाडी नाही, कधी नव्हती, सायकलवर बसलेलंसुद्धा मी त्यांना बघितलं नाही. मी जन्मभर पाटोदा ते बीड जीप चालवली. बापानं मेंढरं राखली, मी माणसं वाहिली. मेंढरं बरी, जागेवरून भांडत नव्हती. अप्पा कितीदा तरी माझ्या जीपमधून गेले असतील. एकदा मला विचारत होते, "म्हादबा, डिझेल पुढून घालतेत का मागून?" मी म्हणालो, "अप्पा, बैलाला चारा कुठून घालतेत?" त्यावर ते पुढचा थांबा येईपर्यंत विचार करत बसले.

त्यांना कळतं ते दुकान. बापाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसले ते म्हातारे होईपर्यंत उठले नाहीत. त्यामुळं गल्ल्यामागच्या माणसाचं पोट कशानं दुखतं, हे त्यांना बरोबर ठाऊक.

शोरूममधून पार्ट मागवायची कटकट काय असते, ते ज्याच्या दारात गाडी आहे त्याला सांगायला नको. फोन लावावा तर आधी गाणं वाजतं, मग बाई म्हणते एक दाबा, दोन दाबा. समक्ष गेलं तर म्हणतात चेसिस नंबर आणा. तो न्यावा तर आरसी बुक आणा. तेही न्यावं तर सिस्टीम बंद. सिस्टीम चालू झाली, की पार्ट पुण्याहून निघालाय. हा पार्ट इतके दिवस निघालेला असतो, की चालत आला असता तरी पोचला असता. मग माणूस तिथं चिडतो, टेबलावर हात आपटतो, माझी ओळख कुणाशी आहे माहीत आहे का म्हणतो. अप्पांचं म्हणणं, तिथंच तो हरला. "चिडलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला आवडतं बे. ते निघून जातं. जे जातच न्हाई, त्याचं भ्या वाटतं."

अप्पा चिडत नाहीत. काउंटरवर पिशवी ठेवतात, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला पार्ट तान्ह्या लेकरासारखा सोडतात आणि म्हणतात, "आमाला घाई न्हाई. तुमचं चालू द्या." हे त्यांचं वाक्य. मग काउंटरच्या समोरच फरशीवर मांडी घालतात. सोफा असतो, खुर्च्या असतात. अप्पा फरशीवर. कुणाकडं बघत नाहीत, कुणाला काही विचारत नाहीत. दुपार झाली की भाकरी सोडतात. लसणाचा ठेचा. कांदा त्या चकचकीत फरशीवर ठेवून बुक्कीनं फोडतात. एसीची एक खोड आहे, वास बाहेर जाऊ देत नाही. ठेचा नव्या गाड्यांच्या आत जाऊन बसतो. मग वरच्या मजल्यावरून मॅनेजर खाली येतो. अप्पा त्याला म्हणतात, या जेवायला. आणि पुण्याहून निघालेला पार्ट मागच्याच खोलीत सापडतो.

पार्टच्या काउंटरवर एक बाई आहे, चष्म्यावाली, दोन लेकरांची आई. अप्पा तिला अक्का म्हणतात. ती म्हणाली, अप्पा, मी तुमच्या नातीएवढी, मला अक्का काय म्हणता. अप्पा म्हणाले, "गल्ल्यावर बसती ती थोरली." तेव्हापासून ती अप्पांचा पार्ट आला की खोक्यावर त्यांचं नाव घालून वेगळा ठेवते. ठेच्याची चटक तिला कधी लागली ते मला माहीत नाही, पण पिशवीत एक भाकर तिच्या नावाची असते.

अप्पांचे नियम लई. फोनवर सांगायचं नाही. डुप्लिकेट आणायचा नाही. पार्ट का मोडला हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. गेवराईकडचा एक वाळूवाला एकदा पुढची काच फुटलेली गाडी घेऊन आला. काचेला मधोमध भोक, बाजूनं जाळं. रातच्याला झाड आडवं आलं, असं काहीतरी सांगायला लागला. अप्पांनी हात वर केला. "काच आनतो. दगड बी कंपनीचाच लागंल का?" तो वाळूवाला आजही अप्पा दिसले की खाली वाकतो.

आणि एसटीत पुढची खिडकी. ड्रायव्हरच्या डाव्या अंगाचं पहिलं बाकडं, खिडकीची जागा, ती अप्पांची. माझ्या जीपमध्येही तेच. मागं बसले की त्यांना मळमळतं, म्हणतात. एकदा पुढच्या जागेवर तहसील कचेरीतला कुणी साहेब बसला होता. अप्पा दारात उभे राहून म्हणाले, आम्हाला घाई नाही, साहेब उतरतील तेव्हा बसू. गाडी भरलेली, दार उघडं, अप्पा दारात. मला गाडी काढता येईना. साहेबच मागं गेला. अप्पांना पुढच्या जागेवरून उठवणारं माणूस जन्माला आलं ते एकच, माझी बायको गोदा. ती बाजाराला यायची त्या दिवशी माझ्या शेजारची जागा तिची. अप्पा मुकाट दुसऱ्या गाडीची वाट बघायचे, पण मागं बसायचे नाहीत.

गोदा गेली दिवाळीच्या तोंडावर. आता ते सांगणं आलं, कारण त्याबिगर पुढचं कळायचं नाही.

तिची एक चंची होती, खणाच्या कापडाची. तिच्यात पान, कात, तंबाखू आणि माझ्या जीपची चावी. चावी मी कुठंही टाकायचो, एक तर हरवलीच होती, म्हणून राहिलेली तिनं आपल्या ताब्यात घेतलेली. सकाळी चहाबरोबर चावी द्यायची. संध्याकाळी मी दारात आलो की हात पुढं करायची आणि म्हणायची, "आना हिकडं." पाणी नंतर. आधी चावी.

ती गेली तेव्हा बायकांनी अंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. आमची लेक कुशी म्हणाली, आईला चंचीबिगर करमायचं नाही. तिनं चंची तिच्या उशाला ठेवली. सगळे रडत होते, चंची उघडून कोण बघतो. तिसऱ्या दिवशी राख सावडायला बसलो तेव्हा हाताला काहीतरी टणक लागलं. मला वाटलं हाड. बघतो तर चावी. काळी झालेली, वाकलेली, वरचं प्लास्टिक जळून गेलेलं. माणसं अस्थी गोळा करत होती आणि मी चावी धोतराला पुसत बसलतो. जावई म्हणाला, मामा, टाका ती पाण्यात. मी खिशात घातली.

अस्थी घेऊन गोदावरीला गेलो ते जावयाच्या मोटरसायकलवर मागं बसून. जीप दारात उभी. चालवणारा होता, चावी नव्हती.

ती उभी राहिली ती राहिलीच. लिंबाचा पाला टपावर साचला. खाली कुत्री झोपायला लागली. डाव्या बाजूच्या काचेवर आतून एक तेलाचा डाग होता. गोदाला गाडीत झोप यायची, काचेला डोकं टेकवायची, त्याचा. मी दारात बाज टाकून त्या काचेकडं तोंड करून पडायचो. शेजारची सून ताट आणून द्यायची. कधी खायचो, कधी कुत्रीला घालायचो. कुशी म्हणायची माझ्याकडं या. तिथं जाऊन तरी काय करायचं, पडायचंच ना. पडायला माझी बाज होती. घरात आवाज म्हणून कसला राहिला नव्हता. भांडी पडत नव्हती, कुणी कुणाला शिव्या देत नव्हतं. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. म्हणालो, ही उचलून ने, नजरेपुढून गेली की बरं. जीप गेल्यावर मग बाजेवरून उठायचं काही कारणच राहणार नव्हतं, आणि मला ते बरं वाटत होतं. खरं आहे ते लिहितो.

त्याच दिवशी अप्पा आले. तोवर ते आलेच नव्हते, मातीला नाही, दहाव्याला नाही. लोकांनी नावं ठेवली होती. आले ते दारातच चपला काढून बाजेच्या कडेला बसले. लोक येतात ते म्हणतात, देवाची मर्जी, जपा स्वतःला. अप्पा म्हणाले, "आरसी बुक काढ."

मी म्हणालो, अप्पा, मला दुरुस्त नाही करायची, विकायची आहे.

"वीक की. पर चावी लावून वीक. चावी न्हाई ती गाडी चोरीची वाटती. गोदाबाई बसत होती त्या गाडीत. चोरीची म्हनून जाऊ देतो का बे तिला?"

मी खिशातली काळी चावी त्यांना दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि परत माझ्या हातात ठेवली. दारात आलेल्या भंगारवाल्याला सांगितलं, चावी आली की ये, गाडी तुझीच. आणि मला सांगितलं, की कुलूप आणि चावी असा जोडच कंपनीकडून येतो, त्याला मालक समक्ष लागतो, दर खेपेला लागतो, चावीचा तसा कायदा आहे. बीडच्या स्टँडवर चावी बनवून देणारे बसतात, हे मी म्हणालो. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी देवळात बिडी पेटवली.

"लई झालं तर दोन-चार बुधवार," ते म्हणाले.

तर असे आमचे बुधवार सुरू झाले. सकाळची एसटी, अप्पा पुढच्या खिडकीत, मी शेजारी. मला कुणाशी बोलायची इच्छा नव्हती आणि अप्पा सांत्वन करणाऱ्यातले नव्हते. ते नुसतं विचारायचे. हितं तुझ्या जीपला कोन हात करायचं? ह्या वळनावर काय झालतं? मी सांगायचो. त्या वडाखाली एक म्हातारी कोंबडं घेऊन चढायची. ह्या उतारावर गोदानं माझ्याच नव्या सदऱ्यावर उलटी केलती आणि वर मलाच म्हणाली, गाडी नीट चालवा. अप्पा हसायचे नाहीत. पुढं काय झालं, एवढंच विचारायचे. बीड येईपर्यंत माझा घसा दुखायचा, इतका मी बोललेला असायचो.

शोरूमच्या बाहेर नळ आहे. अप्पा म्हणायचे, "जा, तोंड धुवून ये. धुळीच्या तोंडानं गल्ल्यापुढं उभं राहू न्हाई." मी तोंड धुऊन, टोपी झटकून आत जायचो तोवर ते काउंटरवर पोचलेले असायचे. अक्का चष्म्यावरून माझ्याकडं बघायची, मग खाली बघायची आणि म्हणायची, "बाबा, आज नाही आली."

"आमाला घाई न्हाई," अप्पा म्हणायचे. आणि आम्ही बाहेर.

हे मला कळेना. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याचे पार्ट ओढून आणले, त्याला एक चावी मिळेना. पार्टअप्पांनी मांडी घातली नाही, मॅनेजरला जेवायला बोलावलं नाही, कांदा फोडला नाही. भाकरी आम्ही बाहेर झाडाखाली बसून खायचो, एसटी स्टँडवर जायचो, क्लासला चाललेली पोरं बघायचो, संध्याकाळच्या गाडीनं परत. मी एकदा म्हणालोही, "अप्पा, म्हातारपनी तुमचा कांदा नरम पडला." अप्पा म्हणाले, "चावीचं काम नाजूक असतं बे. तिथं कांदा चालत न्हाई."

गावात लोक हसायला लागले. पार्टअप्पांना चावी घावेना. कुणी म्हणालं, आता अप्पांनाच कंपनीकडं पाठवा, नवा पार्ट टाकून आणू. अप्पा ओट्यावर बसून ऐकायचे. त्यांना लई लागत असेल, कारण त्यांच्याजवळ आता तेवढं एकच नाव राहिलं होतं. दुकान धाकट्या लेकानं घेतलं. काचा लावल्या, बिलाची मशीन आणली, वर इंग्रजी पाटी. अप्पांना म्हणाला, तुम्ही आता आराम करा. अप्पा मशीनवर बसले तर गिऱ्हाइकाला आधी घरचं बरं आहे का विचारायचे, मागं रांग लागायची. म्हणून ओटा. त्यांची बायको पुण्याला, थोरल्याची लेकरं सांभाळते. सणाला फोनवर दिसते. सून चांगली आहे, दोन वेळा ताट बाहेर आणून देते. ताट येतं, कुणी येत नाही. हे मी रोज त्या रस्त्यानं जीप चालवत होतो तेव्हाही बघत होतो, पण चालत्या गाडीतून माणूस किती दिसणार.

मला मात्र एक सवय लागली. बुधवारी दाढी करायची. काचेच्या दुकानात लाज नको म्हणून. मग दाढी करायची तर अंघोळही आली. अंघोळीला पाणी तापवायचं तर चूल पेटवायला लागायची. चूल पेटली की चहा. बाकीचे दिवस मी बाजेवरच असायचो, पण मंगळवारी रात्री सदरा धुवायला लागलो होतो.

होळी झाल्यावरच्या बुधवारी अप्पा स्टँडवर आले नाहीत. त्यांचा लेक त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला घेऊन गेला, असं पानटपरीवाल्यानं सांगितलं. मी परत फिरायला पाहिजे होतं. दाढी केलेली होती. एसटी लागली तसा चढलो. पुढची खिडकी रिकामी होती. मी शेजारच्या जागेवर बसलो.

शोरूममध्ये अक्कानं आधी माझ्या मागं बघितलं. "अप्पा कुठंयत?" मी सांगितलं. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खाली वाकून खालच्या खणातून एक खोकं काढलं. खोक्यावर धूळ बसली होती.

"घेऊन जा, बाबा," ती म्हणाली. "तुमची चावी."

मी विचारलं, कधी आली.

"संक्रांतीच्या आधीच आली. अप्पा दर बुधवारी तुमच्या आधी आत येऊन सांगायचे, आज नाही आली म्हण. मला लई जड जायचं तुमच्या तोंडाकडं बघून."

"कावून पर?"

"मी पण हेच विचारलं. म्हणाले, चावी दिली की तो गाडी विकणार आणि बाजेवर पडणार, मग काय त्याला उठवत नाही कुणी." ती खोक्यावरची धूळ बोटानं पुसत होती. "आणि म्हणाले, अक्का, मला तरी आठवड्यात दुसरा कुठला वार आहे."

मी खोकं पिशवीत घातलं. अप्पांच्या नसलेल्या भाकरीची तिला आठवण झाली असावी, कारण ती म्हणाली, ऑपरेशन झालं की सांगा मला, तिखट चालतं का त्यांना विचारून घ्या. मी हो म्हणालो आणि बाहेर आलो.

पहिल्यांदा राग आला. मला लेकरासारखं फसवलं. मी जीप चालवलेला माणूस, मला नळावर तोंड धुवायला पाठवत होते आणि मी जात होतो. एसटीत बसलो तरी राग होता. मग वडाचं झाड आलं, कोंबडंवाल्या म्हातारीचं, आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं. उतार आला. तिथंही कोणी विचारलं नाही. राग कुठं ठेवावा ते मला कळेना, तो मांडीवरच्या खोक्यासारखा तसाच घरापर्यंत आला.

मिस्त्रीनं कुलूप बसवलं. बॅटरी बसली होती, चार माणसांनी ढकलली तेव्हा जीप सुरू झाली. कुत्री खालून उठून लांब जाऊन भुंकली. नव्या दोन चाव्या होत्या, चकचकीत. मी काळी चावी त्याच कडीत ओवली. संध्याकाळी बंद करून घरात आलो. दारात हात पुढं करणारं कुणी नव्हतं. कडी खुंटीला अडकवली. ती हलत होती ती थांबेपर्यंत बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. गावात बातमी लपत नाही. म्हणाला, चावी आली म्हणे. मी म्हणालो, गाडीखाली कुत्री व्यालीय, पिल्लं मोठी झाली की ये. कुत्री व्याली नव्हती.

अप्पा आठवड्यानं परत आले. पुढच्या बुधवारी मी दाढी केली, चूल पेटवली, चहा घेतला. मग पक्कड घेतली आणि जीपकडं गेलो.

दुकानापुढं जीप उभी केली तेव्हा अप्पा ओट्यावर बसलेले. डोळ्याला काळा चष्मा, हिरवी पट्टी. इंजिन धडधडत होतं. चावी आली का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी उतरलो आणि फडक्यात गुंडाळलेला पार्ट त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी नेहमीसारखा हळू सोडला. वायपरची काडी. बुडातून मोडलेली.

चैताचं ऊन पडलं होतं. आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

"वायपर," अप्पा म्हणाले.

"व्हय."

"पाऊस हाय का बे कुठं?"

"येईल की."

त्यांनी मोडल्या जागेवरून बोट फिरवलं. पकडीची खूण ताजी होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बऱ्या डोळ्यानं ती खूण बघितली. मग माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. आत लेकाची बिलाची मशीन टिकटिक करत होती.

"कंपनीकडं शॉर्ट असतो ह्यो," ते म्हणाले. "बऱ्याच खेपा लागतील."

मी म्हणालो, "आमाला घाई न्हाई."

त्यांनी वायपर परत गुंडाळला. आत आवाज देऊन सुनेला भाकरी बांधायला सांगितली. एक जास्तीची, अक्काची. सून विचारत होती, कांदा टाकू का. अप्पा म्हणाले, नको, आज कांद्याचं काम नाही.

मी डाव्या बाजूचं पुढचं दार उघडून धरलं. अप्पा दारापाशी येऊन उभे राहिले. काचेवरचा तेलाचा डाग उन्हात सरळ दिसत होता. मी धुळीची गाडी पुसली होती, ती काच पुसली नव्हती. अप्पांनी चपला काढल्या. हातात घेतल्या. मला वाटलं आता चढतील. ते मागं गेले, मागचं दार उघडलं आणि वाकून आतल्या बाकड्यावर जाऊन बसले.

"अप्पा, पुढं या," मी म्हणालो. "मागं मळमळतं तुमाला."

"हितं बरं हाय," ते म्हणाले. "पाय पसरता येतेत."

मागं स्टेपनी पडलेली होती. पाय पसरायला जागा नव्हती. गुडघे छातीशी घेऊन बसलते, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर चपला.